तांब्याचा पाइप आणि मंडईचा भात

केवळरामजींनी तांब्याच्या पाण्याचा ध्यास घेतला तेव्हा घरात कोणी ते मनावर घेतलं नाही, आणि सगळा घोळ तिथंच झाला. सुरुवात अगदी निरुपद्रवी होती. झोपताना तांब्याचा गडवा पाण्यानं भरून उशाशी ठेवायचा आणि सकाळी उठून, पूर्वेकडे तोंड करून, औषध घेतल्याच्या चेहऱ्यानं तो रिता करायचा. त्यानं पोट साफ राहतं, सांधे दुखत नाहीत आणि बुद्धीला तेज येतं, असं त्यांनी मोबाइलवर ऐकलं होतं. पहिल्या दोन गोष्टींचा त्यांना गुण आला होता. तिसरीबद्दल वाचकांनी शेवटी आपलं मत बनवावं.

गडवा रोज चिंचेनं घासून लख्ख करायचं काम अर्थातच त्यांच्या पत्नीकडे, सुलोचनाबाईंकडे होतं. बाईंची स्वतःची मागणी मात्र फार साधी होती. सडक अर्जुनीच्या ले-आऊटमध्ये घर बांधलं तेव्हा न्हाणीत नळ आला, अंगणात नळ आला, गाडी धुवायला म्हणून फाटकाशीसुद्धा एक नळ आला. फक्त स्वयंपाकघरात घ्यायचा राहून गेला. "पुढच्या मंडईपर्यंत घेऊन टाकू," असं केवळरामजी वास्तुपूजेच्या दिवशी म्हणाले होते. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, पाळणे येतात, दंडारीचं लोकनाट्य रंगतं, आणि ज्या गावाची मंडई त्या गावातल्या घराघरात पाहुणेच पाहुणे. अशा पुष्कळ मंडया येऊन गेल्या. सुलोचनाबाई पाहुण्यांच्या स्वयंपाकासाठी अंगणातून बादल्या वाहत राहिल्या आणि केवळरामजी त्यांना, वाकताना गुडघ्यात वाका, कंबरेत वाकू नका, असं सांगत राहिले.

यंदा मात्र त्यांच्या डोक्यात नळ आणि तांबं या दोन गोष्टींची गाठ पडली. पाण्याला रात्रभर गडव्यात बसवून ठेवायचं कशाला? टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंत पाइपच तांब्याचा घातला तर वरण, भात, चहा, सगळंच तांब्याच्या पाण्याचं. घर बसल्या बसल्या निरोगी होईल.

"आन थो पाइप हिरवा पडल्यावर घासंन कोन?" सुलोचनाबाईंनी विचारलं. "गडवा घासू घासू माह्या बोटाची साल निंगाली."

"पाइप आतून घासावा लागत नाही."

"बाहेरून तं दिसते ना जी. प्लंबर बोलवा, प्लास्टिकचा साधा पाइप लावा, मोकळे व्हा."

पण केवळरामजींना मोकळं व्हायचं नव्हतं. हे काम त्यांना आपल्या हातानं करायचं होतं आणि त्याचं कारण दरेकशाकडे, सासुरवाडीत राहत होतं. सुलोचनाबाईंचा धाकटा भाऊ देवानंद हा हाताचा मोठा कारागीर. धानाचं मळणीयंत्र खोलून पुन्हा जोडतो, ट्रॉली वेल्डिंग करतो, विहिरीवरची मोटर दुरुस्त करतो. केवळरामजी पाटबंधारे खात्यात मोठे बाबू. कालव्याला पाणी कधी सुटणार याचे कागद त्यांच्या टेबलावरून जात, पण स्वतःच्या हातानं त्यांनी कधी गळकी तोटीसुद्धा बदलली नव्हती. एका लग्नाच्या पंगतीत देवानंद भरल्या मांडवात म्हणाला होता, "आमच्या भाऊजीचे हात सही करायपुरते हायेत." मांडव हसला. त्याचं केवळरामजींना काही नाही, मांडव कशालाही हसतो. पण वाढायला उभ्या असलेल्या सुलोचनाबाईसुद्धा पदराआडून थोडंसं हसल्या, आणि ते थोडंसं हसणं त्यांना अजून टोचत होतं. यंदाच्या मंडईला सासरे उदेभानबुवा आणि देवानंद दोघंही येणार होते. त्यांच्यासमोर स्वयंपाकघरातला नळ सुटला पाहिजे आणि तो आपण जोडलेला असला पाहिजे, असं केवळरामजींनी मनाशी पक्कं केलं.

सामान आणायला ते गोंदियाला गेले. तांब्याचा पाइप कुठं मिळतो हे कोणालाच सांगता येईना, तेव्हा फिरत फिरत ते एसीचं सामान विकणाऱ्या श्यामलालच्या दुकानात पोचले.

"कितने टन का है?" श्यामलालनं विचारलं.

"टनाचं नाही, पाण्याचं आहे."

"पानी मतलब कूलर?"

"कूलर नहीं. पीने का पानी. नल."

श्यामलालनं चहाचा कप खाली ठेवला. "भाईसाब, तांबे का नल? राजा-महाराजा हो क्या?" मग त्यानं शेजारच्या दुकानदारालाही बोलावून केवळरामजी दाखवले. तरी माणूस चांगला होता. त्यानं सरळ पाइप दिला, कोपऱ्यांना लावायचे वळणाचे तुकडे दिले, छोट्या गॅसच्या डब्यावर चालणारी बत्ती दिली, सांध्यात वितळवून टाका घालायची चमकदार तार दिली आणि तो लावण्याआधी चोपडायचा मलमासारखा लेपही दिला. "एक बात याद रखना," तो म्हणाला, "पाइप के अंदर पानी रहा तो टाँका नहीं पकड़ेगा." केवळरामजींनी मान हलवली. कचेरीत नवे नियम वाचून दाखवतात तेव्हा ते हलवत तशीच.

परतीच्या प्रवासात पाइप बसच्या खिडकीतून बाहेर डोकावत होता. कोहमाऱ्याला उतरले तर ढाब्यासमोरच्या एका म्हाताऱ्यानं अदबीनं विचारलं, "बंदूक व्हय का जी?" केवळरामजींनी त्याला तांब्याच्या पाण्याचे फायदे सविस्तर सांगितले. म्हातारा ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मंग बंदूकच बरी."

मोबाइलवरच्या चित्रफितीत एक गोरा माणूस पोळीला तूप लावावं इतक्या सहजतेनं टाके घालत होता. केवळरामजींनी अंगणात खाट टाकली, तिच्यावर पत्रा ठेवला आणि कामाला सुरुवात केली. पहिल्यांदा त्यांनी बत्ती थेट तारेवर धरली. तार वितळली, तिच्या चकचकीत गोळ्या झाल्या आणि सांध्याला न शिवता टपटप खाली पडल्या. एक गोळी त्यांच्या चपलेतून आत शिरली. त्यानंतर ते जे बोलले ते त्या चित्रफितीत नव्हतं.

कुंपणापलीकडून शेजारचे निवृत्त शिक्षक गोवर्धन गुरुजी हे सगळं प्रेमानं बघत होते. सकाळचा पेपर त्यांनी तिथं उभं राहूनच वाचायला सुरुवात केली होती.

"केवळरामजी, एम-सील लावा."

"गुरुजी, हा टाका आहे. तांब्याला एम-सील लावत नाहीत."

"मी छपराले लावलं, बादलीले लावलं, चश्म्याले लावलं. तुमचं तांबं काय आभाळातून पडलं का?"

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी सुतळी आणि सफेदा सुचवला, तिसऱ्या खेपेला डिंक. तरी हळूहळू केवळरामजींना मर्म कळत गेलं. तारेला नाही, सांध्याला तापवायचं. सांधा तापला की तार नुसती टेकवायची, मग टाका आपणहून फटीत ओढला जातो. त्याआधी तांबं आरशासारखं स्वच्छ हवं. सँडपेपरनं ते होईना. शेवटी सुलोचनाबाईंनी चिंचेचा कोळ आणून ठेवला. तो पाहून केवळरामजींना थोडी शरम वाटली, पण चिंचेनं पाइपाचं टोक असं लखलखलं की शरम लगेच निघून गेली.

मग एकामागून एक सांधे बसू लागले. एकदाच काय ते त्यांनी टाकीच्या प्लास्टिकच्या पाइपाला लागून बत्ती पेटवली, आणि त्या पाइपानं लाजऱ्या नवरीसारखी मान खाली घातली. तेवढा तुकडा बदलावा लागला. मंडईच्या आदल्या दिवशी सगळा पाइप भिंतीवर चढला. राहिला होता एकच सांधा, स्वयंपाकघराच्या खिडकीवरचा, जिथं टाकीकडून आलेला भाग नळाच्या भागाला मिळणार होता. केवळरामजींनी लेप लावला, बत्ती धरली. सांधा नुसता फुसफुसला. आतून वाफ आली, तार टेकवली तर ती दगडाला टेकवल्यासारखी तशीच राहिली. टाकीचा व्हॉल्व्ह जुना होता, पूर्ण बंद होत नव्हता, आणि पाण्याची एक बारीक धार सतत पाइपात उतरत होती. श्यामलालचे शब्द आता त्यांना हिंदीत, चहाच्या कपासकट आठवले.

"टाकी रिती करावी लागेल," त्यांनी घरात येऊन जाहीर केलं.

"पावने उद्या येऊन रायले आन तुमी टाकी रिती करता?" सुलोचनाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "उद्या गावातला नळ आला नाई तं मंग? माह्या बाबाले का तुमचा पाइप धून पाजू?"

प्रश्न बरोबर होता. केवळरामजी सायकल काढून पाणी सोडणाऱ्या कचेरीत गेले. खिडकीत एक तरुण बाबू शेंगदाणे खात बसला होता.

"उद्या नळ येईल का?"

"येते ना जी."

"नक्की?"

"बहुतेक येतेच."

"तसं नाही चालणार. मला टाकी रिती करायची आहे. नळ येणार असं लेखी देता का?"

बाबूनं शेंगदाणे बाजूला ठेवले आणि केवळरामजींकडे नीट पाहिलं. "साहेब, तुमी कालव्याच्या कचेरीतले ना? कालव्याले पानी येनार असं तुमी कोनाले लेखी देता का?"

केवळरामजी जन्मभर सरकारी नोकरीत होते, तरी खोटं बोलायचं धाडस त्यांच्याकडे नव्हतं. ते सायकल घेऊन परत आले.

उपाय पुन्हा त्या गोऱ्या माणसानंच दिला. पाइपात पाणी झिरपत असेल, तो म्हणाला, तर पावाचा पांढरा भाग कुस्करून आत कोंबा. तो पाणी धरून ठेवतो, तेवढ्यात टाका घाला, मग पाणी सोडलं की पाव विरघळून नळातून बाहेर पडतो. केवळरामजी चौकातल्या दुकानात धावले. मंडईच्या गर्दीत पाव संपले होते. टोस्ट होते, खारी होती, क्रीमरोल होते. क्रीमरोलचा त्यांनी क्षणभर विचार केला, पण आतल्या क्रीमबद्दल गोरा माणूस काही बोलला नव्हता.

घरी आले तेव्हा चुलीवरून भाताचं पातेलं नुकतंच उतरलं होतं. केवळरामजी दारातच थांबले. पाव कशाचा? गव्हाचा. का वापरतात? त्यांच्याकडे गहू पिकतो म्हणून. आपल्याकडे काय पिकतं? अख्खा गोंदिया जिल्हा ज्याच्यावर जगतो ते धान असताना पावासाठी वणवण फिरायचं म्हणजे आपल्या मातीचा अपमान आहे, असं त्यांना मनापासून वाटलं. सुलोचनाबाई अंगणात बादली भरत होत्या. केवळरामजींनी वाटीभर भात काढला, त्याचा मऊ बोळा केला आणि चमच्याच्या दांड्यानं पाइपात ठासून भरला.

एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली नाही, आणि ज्या माणसानं उमेदवारीच्या दिवसांत कचेरीची पाकिटं डब्यातल्या शितांनी चिकटवली त्याच्या ध्यानात ती यायला हवी होती. भात नव्या तांदळाचा होता. नवा तांदूळ शिजला की त्याची खळ होते.

पण त्या घडीला सगळं अप्रतिम झालं. धार थांबली. सांधा कोरडा झाला. बत्ती लागली, लेप उकळला, तार टेकली आणि टाका सांध्याभोवती अशा सुरेख कड्यासारखा फिरला की केवळरामजींचे डोळे भरून आले. नोकरीत त्यांना दोन पदोन्नत्या मिळाल्या होत्या. हा आनंद त्याहून मोठा होता.

मंडईच्या सकाळी पाहुणे आले. उदेभानबुवा पांढरं धोतर नेसून, देवानंद काळा चष्मा लावून. चहा व्हायच्या आतच केवळरामजींनी दोघांना पाइपाच्या दर्शनाला नेलं. उन्हात पाइप झगमगत होता. देवानंदनं चष्मा कपाळावर सारला, प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवलं.

"कोनं केलं जी हे?"

"मी," केवळरामजी म्हणाले. हा एकाक्षरी शब्द त्यांनी जितका लांबवता येईल तितका लांबवला.

"सोडा बरं पानी."

व्हॉल्व्ह उघडला. सगळे सांध्यांकडे टक लावून पाहत राहिले. गोवर्धन गुरुजी कुंपण ओलांडून आत आले. एक थेंब नाही. देवानंदनं खिशातला रुमाल काढून शेवटचा सांधा पुसला, रुमाल कोरडा. "भाऊजी, मानलं तुमाले," तो म्हणाला, आणि केवळरामजींना वाटलं, आता आणखी जगलो नाही तरी चालेल.

सुलोचनाबाईंनी नळाला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, नारळ फोडला. पहिला पेला उदेभानबुवांचा, असं ठरलं. बुवा पाटावर बसले, नळाखाली स्टीलचा पेला धरला. सुलोचनाबाईंनी तोटी फिरवली.

नळानं एक लांब सुस्कारा सोडला. बस्स. तोटी बंद करून पुन्हा उघडली. आता सुस्काराही नाही.

"हवा अटकली असंन," गुरुजी म्हणाले.

"टाका आत उतरून पाइप बुजला," देवानंद म्हणाला. "म्हनून तं गळून नाई रायला! पानी तेथवर पोचलंच नाई तं गळंन कोठून?" त्यानं गाडीच्या डिकीतून करवत आणली. "हा शेवटचा सांधा कापाच लागते."

देवानंदनं करवतीचं पातं त्या चमकत्या कड्यावर टेकवलं. बोललं तर जन्मभराची चेष्टा, गप्प राहिलं तर तो सांधा गेला. असा टाका आपल्या हातून पुन्हा होईल याची त्यांना खात्री नव्हती. त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं, सुलोचनाबाईंकडे पाहायचं टाळलं, आणि कचेरीतली शुद्ध भाषा त्यांना सोडून गेली.

"थांब गा! सांध्याले हात नोको लावू! सांधा चांगला हाय. आत भात हाय!"

देवानंदनं पातं उचललं.

"का हाय?"

"भात."

देवानंद पहिल्यांदा खिडकीला टेकला, मग भिंतीला, मग हसत हसत खालीच बसला. गुरुजी कुंपणाकडे तोंड करून खोकत राहिले. उदेभानबुवा पेला धरून तसेच बसले होते, त्यांनी फक्त विचारलं, "भाजी बी टाकली का?" केवळरामजी उभे होते. कान लाल, मान ताठ. सुलोचनाबाई मात्र हसल्या नाहीत.

"नव्या तांदराचा भात पाइपात भरते का कोनी?" त्या म्हणाल्या. "मले इचारलं असतं तं जुन्याचा देल्ला असता. मोकळा होते थो." मग त्या भावाकडे वळल्या. "दात काय काढून रायला देवा? टाका तं बसला ना? तुया हातानं कवा असा बसला? हवा भराचा पंप आन गाडीतला."

देवानंद निमूट उठला. व्हॉल्व्ह बंद करून, टाकीकडचं टोक सोडवून त्यानं पाइपाला रबरी नळी जोडली, तिला गाडीच्या चाकात हवा भरायचा पंप लावला आणि दोन्ही हातांनी दणके द्यायला सुरुवात केली. केवळरामजी सांध्याला असे धरून उभे राहिले, जणू इंजेक्शन त्यांच्या लेकराला देत होते. पाइप गुरगुरला. नळ थरथरला. "बाबा, बाजूले सरका!" सुलोचनाबाई ओरडल्या. पण बुवांना पहिल्या पेल्याचा मान मिळाला होता, तो ते कशाला सोडतील? फट्‌ असा आवाज झाला आणि भाताचा लांबोळका बोळा नळातून सुटून सरळ त्यांच्या पेल्यात, टण्‌ करून बसला.

देवानंदनं टाकीचा पाइप परत जोडून व्हॉल्व्ह उघडला, आणि मागोमाग पाणी आलं. पांढरं, दाट, उन्हानं कोमट. पेला काठोकाठ भरला. सगळे पेल्याकडे बघत होते. बुवांनी पेला नाकाशी नेला, एक घोट घेतला, जीभ टाळ्याला लावली.

"पेज होय," ते म्हणाले. "मीठ आन वो बाई."

सुलोचनाबाईंनी मीठ आणलं. बुवांनी पेल्यातला भात बोटानं मोडला, मीठ ढवळलं आणि सगळी पेज शांतपणे पिऊन टाकली. आयुष्यभर बांधावर पेज प्यायलेला माणूस, पण नळाची पेज पहिल्यांदाच. "चांगली हाय," ते म्हणाले. "जवाईबापूनं चूल बी वाचवली."

मग पाणी हळूहळू निवळलं. देवानंदनं पुन्हा रुमाल काढला आणि एकेक सांधा पुसला. आता आत पाणी खरंच होतं. रुमाल कोरडाच राहिला. त्यानं रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवला, आणि केवळरामजींना याहून जास्त काही नकोच होतं. सुलोचनाबाईंनी स्वयंपाकाच्या पाण्याचं भांडं, मोठा पितळी गुंड, नळाखाली ठेवला. अंगणात न जाता, कंबरेत किंवा गुडघ्यात कुठंच न वाकता गुंड भरला. त्यांनी तोटी बंद केली, परत उघडली, धारेखाली हात धरला. मग नवऱ्याकडे पाहून त्या हसल्या. पदर आड न घेता, चांगल्या खळखळून. केवळरामजींनी नीट तपासून पाहिलं. हे हसणं कुठंच टोचलं नाही.

दुपारच्या दंडारीत सोंगाड्यानं घोषणा केली की अर्जुनीत एका घरी नळाला पेज येते, ज्यांना पाहिजे त्यांनी मीठ घेऊन यावं. ही बातमी त्याला कुंपणापलीकडून मिळाली होती. सगळी मंडई हसली, केवळरामजीही हसले.

निघायच्या वेळी देवानंद गाडीशी घुटमळला. चष्मा काढला, परत लावला.

"भाऊजी, आमच्या फवारनीच्या पंपाची नळी गळून रायली. तांब्याची हाय. मी दोनदा टाका मारला, थो धरून नाई रायला." तो जरा थांबला. "मंडईची गडबड सरली का या ना. बत्ती घेऊन या. भात आमच्या घरचा."

"जुन्याचा शिजवजो रे," सुलोचनाबाई पायरीवरून म्हणाल्या.

केवळरामजींनी विचार केल्यासारखं केलं. मोबाइल काढून तारखा पाहिल्या, भुवया उंचावल्या आणि कचेरीतल्या आवाजात म्हणाले, "बघतो. सध्या हातात कामं फार आहेत."

मग ते आत गेले आणि त्यांनी बत्ती पिशवीत भरून दाराशी ठेवली.